‘करलं’ म्हणणारं मूल आणि मास्तरांचं शिक्षण

सिंधुदुर्गातल्या जामसंड्यात किंवा देवगडात राहून शिक्षक होण्याची तयारी करणाऱ्यांना एक विषय चुकत नाही: ‘बालविकास व अध्यापनशास्त्र’. शिक्षक पात्रता परीक्षेच्या दोन्ही पेपरांत 150 पैकी 30 गुण त्याला आहेत. महाराष्ट्रात ही परीक्षा 2013 पासून होते. तिच्यासाठी मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या बौद्धिक विकासाच्या चार अवस्था आणि कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या पाठ करायच्या, उत्तरपत्रिकेत गोल काळे करायचे आणि नोकरी लागली की विसरायचं, अशी रीत पडली आहे. पाठ करण्याचा विषय म्हटला की तो बाहेरून आलेला, वरून लादलेला वाटणारच. मराठी शिक्षक-प्रशिक्षणाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. मास्तरांना काय शिकवायचं ते आधी सांगितलं गेलं, कसं शिकवायचं ते नंतर आणि कुणाला शिकवायचं ते सर्वांत शेवटी. हा शेवटचा धडा मराठीत रुजला तो अंगणात बसून मुलांकडे पाहणाऱ्यांमुळे. या गोष्टीचं पहिलं टोक जामसंड्याच्याच तालुक्यात सापडतं.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर ‘दर्पण’कार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. 1812 साली जन्मलेल्या या विद्वानाने विशीतच, 1832 मध्ये, मराठी पत्रकारितेचा पाया घातला. त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वाची आठवण त्या मानाने कमी निघते. 1845 मध्ये त्यांच्याकडे मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचं, म्हणजे नॉर्मल स्कूलचं, संचालकपद आलं आणि शाळातपासणीचं कामही आलं. पुढच्याच वर्षी, मे 1846 मध्ये, ते गेले. त्या पिढीपुढची अडचण उघड होती: मराठीत शिकवायला पुस्तकंच नव्हती. म्हणून बाळशास्त्रींनी ‘बालव्याकरण’ लिहिलं, नीतिकथा, भूगोल, गणित, इतिहास यांवर लिहिलं. त्याआधी मुंबईच्या शाळांत लँकेस्टर पद्धत आली होती. भिंतीवर तक्ते टांगायचे आणि थोरल्या पोरांनी धाकट्यांकडून ते म्हणून घ्यायचे. एका मास्तराच्या हाताखाली मोठा वर्ग बसवण्याची ती युक्ती होती. पुस्तकं आणि तक्ते, या दोन्ही गोष्टींत मूल आहे, पण ते भरायच्या भांड्यासारखं आहे. सहा वर्षांचं भांडं लहान, बारा वर्षांचं मोठं, एवढाच वयाचा अर्थ. यात बाळशास्त्रींचा दोष नाही. मुलाच्या मनाचा पद्धतशीर अभ्यास तेव्हा युरोपातही जेमतेम सुरू होत होता. पण तेव्हा बसलेली घडी पुढे शंभर वर्षं फारशी मोडली नाही.

‘बालव्याकरण’ म्हणजे बालांसाठी लिहिलेलं व्याकरण. बालांचं स्वतःचंही एक व्याकरण असतं. तीन-साडेतीन वर्षांचं मूल सांगतं, ‘मी करलं’, ‘मुंगी मरला’. लिंगाची गडबड सोडा, क्रियापदाकडे बघा. ‘करलं’ हा शब्द त्याला कुणीही शिकवलेला नसतो. घरात कुणी तसं बोलत नाही. बस–बसला, पळ–पळाला, धर–धरलं एवढं ऐकून त्याने नियम काढलेला असतो आणि तो ‘कर’ला लावलेला असतो. ‘केलं’ हा मोठ्यांच्या भाषेतला अपवाद आहे. मूल नियमाने चाललेलं असतं. जुन्या पठडीतल्या मास्तराला इथे चूक दिसते, आणि चूक सुधारायची असते. बालविकास शिकलेल्या शिक्षकाला इथे काम करणारी बुद्धी दिसते. काही महिन्यांत ‘केलं’ आपोआप येणार, हे त्याला माहीत असतं. उलट घरची मालवणी बोलणारं पोर वर्गात ‘कित्याक?’ विचारतं, तेव्हा ती चूकही नसते आणि अवस्थाही नसते. ती त्याची भाषा असते. चूक, अवस्था आणि बोली या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता येणं हे शिक्षकाच्या पेशाचं मूळ कौशल्य आहे आणि ते नुसत्या विषयज्ञानातून येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही सगळी पाश्चात्त्यांची शास्त्रं, आमच्या वाडीवरच्या पोरांना ती काय लागू पडणार? या आक्षेपाला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कृतीने उत्तर दिलं. भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना त्यांनी रोममध्ये सुरू झालेल्या माँटेसरी बालशिक्षण पद्धतीचा अभ्यास केला. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण माँटेसरीची साधनं महाग होती आणि शहरी बालमंदिरात शोभणारी होती. 1945 मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे विकत आणलेल्या ठोकळ्यांची जागा बिया, पानं, शिंपले, खडे यांनी घेतली. वारली आदिवासींची मुलं शाळेत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली; तिला नाव पडलं कुरणशाळा. यातली युक्ती साहित्यापुरती नव्हती. माँटेसरीकडून घ्यायचं ते एक तत्त्व होतं: मुलाकडे आधी बघा. बघितल्यावर जे दिसलं ते डहाणूच्या डोंगरातलं होतं, रोमचं नव्हतं. पुढे 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आज जामसंड्याच्या वाडीत ज्या अंगणवाडीत मूल जातं, तिचं नाव एका निरीक्षणातून आलं आहे.

बाळपणाकडे उशिरा का होईना लक्ष गेलं. कुमारवयाच्या वाट्याला तेही कमी आलं. आपल्या शब्दांतच ही दुर्लक्षाची खूण आहे. संस्कृतातल्या जुन्या विभागणीत पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि त्यापुढे सोळापर्यंत कैशोर. मराठी पाठ्यपुस्तकांनी दहाच्या आतला तो ‘पौगंड’ उचलून तेरा-चौदाच्या वयाला चिकटवला. नेमका शब्द नव्हता, कारण त्या वयाला समाजात जागाच नव्हती. अनुताई वाघांचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. 1929 च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचं किमान वय 14 ठरवलं, तेही मोठ्या वादानंतर. मुलग्यांचं वेगळं होतं. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातल्याही, घरांतून मिसरूड फुटायच्या सुमारास पोरगा बोटीने मुंबईला जाई, गिरणीत किंवा घरगड्याच्या कामाला लागे. मुलगी सून झाली आणि मुलगा चाकरमानी झाला की मधलं वय उरतंच कुठे? कुमारवय हा अभ्यासाचा विषय व्हायला ते आधी जगायला मिळावं लागतं. ते मिळालं माध्यमिक शाळा गावोगाव निघाल्यावर. म्हणजे शाळेनेच हे वय निर्माण केलं, आणि ते समजून घेण्याची जबाबदारीही म्हणून शाळेवरच येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोकण विभागीय मंडळ झाल्यापासून दहावीच्या निकालात कोकण राज्यात पहिला असतो. मास्तरांनी मानसशास्त्राचा बाऊ न करता, विषय पक्का करून घेऊन हे साधलं असेल, तर नवं खूळ कशाला? निकाल खरा आहे आणि त्यामागची मेहनतही खरी आहे. पण निकाल मोजतो सोळाव्या वर्षापर्यंत शाळेत टिकलेल्यांची परीक्षेची तयारी. दहावीनंतर मुंबई-पुण्याला एकट्याने जाणारी सोळा वर्षांची मुलगी स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकते का, हरल्यावर सावरते का, हे तो मोजत नाही. आणि खालच्या वर्गांत विषय पक्का असणं पुरतच नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, आणि सिंधुदुर्गात कमी पटाच्या शाळा भरपूर. एका खोलीत पहिलीतलं पोर आणि चौथीतलं पोर शेजारी बसतं. आंबाबागांच्या राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातलं मूलही त्यांत असू शकतं. सहा वर्षांच्याला हातात चिंचोके दिल्याशिवाय वजाबाकी दिसत नाही आणि दहा वर्षांच्याला चिंचोके देणं हा अपमान वाटतो. चार वयांना एकाच तासात शिकवायचं तर वय म्हणजे काय हेच आधी कळायला हवं. लहान शाळेला बालविकास कमी लागतो हे खरं नाही. शहरातल्या एकवयी वर्गापेक्षा तो तिथे जास्त लागतो.

मग 30 गुणांच्या या विषयाचं काय करायचं? तो काढून टाका असं म्हणण्यात अर्थ नाही. परीक्षेत नसलेल्या विषयाला आपल्याकडे कुणी विचारत नाही, आणि शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत मूल हा अनिवार्य विषय व्हायलाच दीड शतकाहून अधिक काळ लागला. वयाची कक्षाही आता रुंदावली आहे: शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा अशी सलग आखणी केली. बाळशास्त्रींच्या काळी मराठीत पुस्तकं नव्हती. आज पुस्तकांची वाण नाही, पण पाठ केलेल्या अवस्थेवरून नजर उचलून समोरच्या पोराकडे बघायची सवय अजून कमी आहे. जामसंड्यातून या पेशात उतरणाऱ्याने पियाजे जरूर वाचावा. मात्र पेपरच्या आदल्या आठवड्यात तासभर जवळच्या अंगणवाडीत बसावं आणि मुलं जे बोलतात ते वहीत जसंच्या तसं उतरवावं. ‘करलं’ ऐकू आलं, तर खोडून ‘केलं’ लिहू नये.