पाणी ओसरल्यानंतर

समुद्र गावात शिरला, माणसे बुडाली, पाणी ओसरले आणि अरिष्ट संपले, अशी आपली समजूत असते. इतिहासाचे पाठ्यपुस्तकही बहुधा तेथेच पान उलटते. बाकरगंजच्या १८७६ सालच्या वादळाची हकीकत वाचली म्हणजे ध्यानात येते की, पाणी ओसरले तेव्हा अर्धेच अरिष्ट ओसरले होते.

बाकरगंज हा मेघना नदीच्या मुखाशी असलेला पूर्व बंगालचा जिल्हा. आज तो मुलूख बांगलादेशात आहे. त्या वर्षी दिवाळी होऊन पंधरवडा लोटला होता. ३१ ऑक्टोबरच्या रात्री, त्रिपुरी पौर्णिमेच्या उधाणावर स्वार होऊन, वादळाने समुद्र उचलला आणि दक्षिण शाहबाजपूर, हातिया, संद्वीप या सखल बेटांवर आणून ओतला. घराभोवती झाडांची दाट राई राखण्याची तिकडे रीत. त्या झाडांना जे बिलगले ते पुष्कळसे वाचले. बुडालेल्यांचा अंदाज सुमारे १ लाखाचा आहे.

वाचलेल्यांचे हाल पुढे सुरू झाले. पिण्याचे पाणी गावतळ्यांचे. ती खाऱ्या पाण्याने भरली, त्यांत माणसांची नि गुरांची मढी कुजू लागली. उभे भात गेले, साठवलेलेही गेले. मढ्यांमुळेच पटकी होते असे पुष्कळांना आजही वाटते, पण तसे नव्हे. एका आजारी माणसाची घाण चार चांगल्या माणसांच्या पिण्यात गेली की ती पसरते. आणि जेथे गावाला एखादेच डबके उरते तेथे दुसरे काय होणार? पटकीने आणि उपासमारीने पुढे आणखी जवळजवळ तितकीच माणसे गेली. तेव्हा बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल होते. बेटे त्यांनी स्वतः हिंडून पाहिली. (हेच साहेब १८७७ साली दख्खनच्या दुष्काळात आले आणि कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य नि वर चार पैसे पुरे, असे ठरवून बसले, मग मुंबईचे गव्हर्नर झाले.)

डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पटकी हवेतून येते की पाण्यातून, यावरच त्या काळी वाद होता. पटकीचा जंतू कलकत्त्याच्या एका तळ्यात रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८४ साली.

दक्षिण शाहबाजपूरला आज भोला म्हणतात. त्याच बेटांवर १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री समुद्र पुन्हा चढला. मृतांचा अंदाज ३ लाखांच्या आसपास आहे, आणि त्यांत निम्म्याहून अधिक दहा वर्षांखालची मुले होती. डाक्क्याच्या पटकी-संशोधन प्रयोगशाळेतील सॉमर आणि मोझली या डॉक्टरांनी बेटोबेटी पाहणी केली. वाचलेल्यांची छाती, दंड आणि मांड्या सोलून निघालेल्या त्यांना आढळल्या. रात्रभर झाडाला मिठी मारून बसल्याची ती खूण होती. सगळ्यांना धास्ती होती ती पटकीच्या महामारीची. ती मात्र त्या वेळी आली नाही.

ती आली पुढच्या वर्षी, युद्धाने देशोधडीला लागलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत. बनगावच्या रुग्णालयात जमिनीवरसुद्धा रोगी मावेनात. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली आणि रोग्यांच्या आप्तांच्याच हाती पेले दिले. शंभरात तीसजण दगावत होते, ते चारांच्याही खाली आले. आतड्याला साखर मिळाली की तिच्याबरोबर ते मीठ आणि पाणीही शोषून घेते. युक्ती एवढीच, पण ती हाती यायला १८७६ नंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली.

ही पिंपे खेड्यातल्या चुलीपर्यंत कशी न्यायची? १९८० सालापासून ब्रॅक या संस्थेच्या बाया बांगलादेशात घरोघर हिंडू लागल्या. त्यांच्याजवळ पुड्या नव्हत्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ, एवढेच त्या आईला शिकवीत आणि तिच्याकडून करवून घेत. काही दिवसांनी दुसरे कोणी येऊन त्या आईलाच विचारी, आणि तिला जितके बरोबर सांगता येई त्या मानाने शिकवणारीला पैसे मिळत. आम्हा मास्तरांना हा नियम कोणी लावला नाही, हे आमचे भाग्यच! दहा वर्षांत अशा सव्वा कोटीच्या आसपास घरांत त्या जाऊन आल्या.