‘अभिज्ञान’ आणि एक फोटॉन

एकेका फोटॉनच्या अभिज्ञानाचा इतिहास सामान्यतः उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखकास तो एका शब्दाच्या अर्थाचाही इतिहास वाटतो. शाकुंतलातील मुद्रिका कोळ्याच्या हाती केवळ एक दागिना होती. पूर्वसंबंध जाणणाऱ्या दुष्यंताच्या हाती आल्यावरच ती अभिज्ञान ठरली. उपकरणही केवळ विद्युत्-स्पंद देते. ओळख पुढे पटवावी लागते.

प्रकाशपुंजाची कल्पना आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडली. ‘फोटॉन’ हा शब्द गिल्बर्ट लुईस यांनी १९२६ साली, काहीशा निराळ्या अर्थाने, वापरला. शब्द रूढ झाला. पुरावा मात्र मागे राहिला. फोटोमल्टिप्लायर नलिकेत प्रकाशाने मुक्त केलेला एक इलेक्ट्रॉन पायरीपायरीने लक्षावधी होतो व मोजण्याजोगा स्पंद उमटतो. परंतु प्रकाश तरंगरूप आणि केवळ द्रव्य क्वांटमीय मानले, तरीही अशा स्पंदाचा उलगडा होऊ शकतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, अशाच नलिकांच्या साहाय्याने १९६५ साली वातावरणीय न्यूट्रिनोंच्या आंतरक्रिया नोंदविल्या. एकेक फोटॉन मोजणे हा तेथील हेतू नव्हता; तथापि एकट्या स्पंदावर विसंबून न राहता एकाच क्षणी उमटलेल्या अनेक स्पंदांची साक्ष घेण्याची शिस्त तेथे होती.

फोटॉनच्या बाबतीत हीच शिस्त उलट्या दिशेने उपयोगी पडली. १९८६ साली ग्रांजिए, रोजे व आस्पे यांनी कॅल्शियम अणूंतून लागोपाठ निघणाऱ्या दोन फोटॉनांपैकी पहिल्याची खूण धरून दुसरा अर्धपारदर्शक आरशाकडे पाठविला. तरंग दोन्ही वाटांनी विभागला जाईल, अविभाज्य कण एकाच वाटेवर सापडेल. दोन्ही अभिज्ञातकांनी एकदम साद दिल्याचे प्रसंग तरंगसिद्धान्ताच्या किमान मर्यादेहून पुष्कळच कमी आढळले. येथे दुसऱ्या अभिज्ञातकाचे मौन हाच पुरावा ठरला.

क्वांटम संदेशवहनाची गुप्तता आज याच पुराव्यावर विसंबून आहे. तीव्र प्रकाशाने अभिज्ञातक दिपवून त्याच्याकडून हवा तेव्हा स्पंद वदवून घेता येतो, हे २०१० साली बाजारातील यंत्रणांवरच दाखविले गेले. राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ साली मान्यता मिळाली. त्यातील संवेदन व मापन या विषयाचे केंद्र पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे. वसई-विरारच्या विद्यार्थ्यांस ते दूर नाही. तेथे जाणाऱ्याने एवढा विवेक राखावा : उमटतो त्यास ‘स्पंद’ म्हणावे, ‘अभिज्ञान’ हा शब्द साक्ष तपासल्यानंतरच योजावा.