स्मृतीच्या वाटण्या: पवईतील एक प्रयत्न

जॉन फॉन न्यूमन यांच्या १९४५ च्या अहवालाने संगणकाची जी रचना रूढ केली, तीत आकडेमोड करणारा भाग आणि स्मृती, म्हणजे आज्ञा व विदा साठवण्याची जागा, यांचे संसार वेगळे होते, आणि दोहोंमधील अरुंद वाटेवरची ये-जा ही त्या रचनेची कायमची अडचण ठरली. सोव्हिएत मदतीतून पवईच्या आयआयटीत आलेला मिन्स्क-२ हा संगणकही याच घडणीचा होता. त्याची स्मृती तारांत ओवलेल्या फेराइटच्या इवल्या कड्यांची असे. प्रत्येक कड्याच्या चुंबकीय दिशेत एक बिट राही, आणि तो वाचताच पुसला जात असल्याने लगोलग पुन्हा लिहावा लागे.

पुढे प्रोसेसर जितके वेगवान झाले तितकी स्मृती झाली नाही. मात्र १९८५ पासून एफपीजीए, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यावरही जिची अंतर्गत जोडणी बदलता येते अशी चिप, बाजारात आली, आणि कालांतराने तिच्या पोटात गणन-परिपथांच्या शेजारीच स्मृतीचे छोटे कप्पे बसू लागले. प्रश्न उरला तो असा की, सी भाषेत सलग एकच स्मृती गृहीत धरून लिहिलेला कार्यक्रम या विखुरलेल्या कप्प्यांत उतरवायचा कसा.

पवईतील समीर सहस्रबुद्धे, माधव देसाई, कवी आर्य आदींनी २००७ मध्ये मांडलेल्या ‘अहिर’ या पद्धतीचे महत्त्व येथे आहे. तीत कार्यक्रमाचे नियंत्रण, गणन आणि साठवण असे तीन भाग वेगळे काढले जात. त्यातून वाढलेल्या साधनसंचात कोणता पॉइंटर, म्हणजे स्मृतीतील पत्ता बाळगणारा घटक, कोणत्या साठ्याकडे बोट दाखवू शकतो हे आधी तपासले जाई. ज्या दोन साठ्यांना एकही सामाईक पॉइंटर स्पर्श करीत नाही, त्यांच्या रीतसर वाटण्या होत. मग दोन सारण्यांची बेरीज करताना दोहोंतील आकडे स्वतंत्र कप्प्यांतून एकाच वेळी उचलता येत, एकाने दुसऱ्यासाठी खोळंबण्याचे कारण राहत नसे. सगळी भिस्त अर्थात त्या तपासावर होती, कारण पॉइंटर मोकाट सोडणाऱ्या कार्यक्रमात वाटणीला वावच नसे आणि सारे साठे पुन्हा एकत्र कुटुंबात नांदू लागत.

याच साधनसंचाने पुढे देसाई यांच्या गटाने ‘अजित’ हा प्रोसेसर रचला, जो २०१९ च्या सुमारास वृत्तपत्रांतून गाजला. गंमत अशी की, तो स्वतः स्मृती वेगळी ठेवणाऱ्या जुन्याच घराण्याचा आहे.