एव्होल्यूशन ऑफ द मून

चंद्राच्या सु. ४.५ अब्ज वर्षांच्या जडणघडणीवरील लघु ॲनिमेशन माहितीपट. नासाच्या गॉडर्ड अंतराळ उड्डाण केंद्राने तो मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. २००९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाने गोळा केलेल्या माहितीचा त्याला आधार आहे. तप्त शिलारसाचा गोळा थिजून कवच तयार होणे, प्रचंड आघाताने दक्षिण ध्रुव–एटकेन हे सु. २,५०० किमी. व्यासाचे खोरे पडणे, अशनींचा भडिमार आणि सखल भागांत लाव्हा पसरून काळसर ‘सागर’ बनणे, हे टप्पे त्यात क्रमाने दिसतात. मंगळाएवढा एक पिंड पृथ्वीवर आदळला आणि उडालेले द्रव्य एकवटून चंद्र बनला, हा महाआघात सिद्धांत आज चंद्राच्या उत्पत्तीविषयी सर्वाधिक मान्य आहे.