कागदावरची पाने आणि दोन किनाऱ्यांचे कोडे

१/८
१८५४ साली युद्धनौकांच्या धाकाने जपानला अमेरिकेशी करार करावा लागला आणि हाकोदाते बंदर अमेरिकी जहाजांना खुले झाले. पुढच्याच वर्षी एका सर्वेक्षण मोहिमेसोबत वनस्पतिसंग्राहक चार्ल्स राइट तेथे उतरले. त्यांनी परिसरातील पाने, फुले, डहाळ्या गोळा करून कागदांत दाबून वाळवल्या.

२/८
एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्र अशाच वाळवलेल्या नमुन्यांवर उभे होते. एकाच जातीच्या अनेक डहाळ्या घेतल्या जात. एक आपल्या संग्रहात राही, उरलेल्या समुद्रापलीकडच्या अभ्यासकांना जात. मोबदल्यात त्यांच्याकडील नमुने येत. स्थळ, काळ आणि संग्राहक सांगणारी चिठ्ठी हरवली, की नमुन्याचे मोल बहुतांशी संपे.

३/८
या देवघेवीचे अमेरिकेतील एक मोठे केंद्र म्हणजे हार्वर्डचे प्राध्यापक एसा ग्रे. लंडनजवळच्या क्यू उद्यानातील हूकर पितापुत्रांशी त्यांचा जुना संबंध होता. राइट यांचे जपानी नमुनेही त्यांच्याच टेबलावर आले. ग्रे स्वतः जपानला कधीच गेले नाहीत.

४/८
नमुने लावताना एक कोडे समोर आले. जपानच्या वनस्पतींचे जवळचे नाते अमेरिकेच्या समोरच्या, पश्चिम किनाऱ्याशी नव्हे, तर दूरच्या पूर्वभागाशी जुळत होते. मॅग्नोलिया आणि जिनसेंग यांचे भाऊबंद जपानच्या रानात आहेत, पूर्व अमेरिकेतही आहेत. पश्चिम अमेरिकेच्या रानात मात्र नाहीत.

५/८
हार्वर्डमधीलच ख्यातनाम निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ यांच्या मते प्रत्येक जाती जेथे आढळते तेथेच निर्माण झाली होती. हे खरे असेल, तर दोन दूरच्या प्रदेशांतील साम्याला काही कारणच उरत नव्हते.

६/८
१८५९ च्या आरंभी ग्रे यांनी बोस्टनमध्ये अगासिझ यांच्यासमोर आपला युक्तिवाद मांडला. या वनस्पतींचे मूळ एकच. पूर्वीच्या उबदार काळात त्या उत्तरेकडून आशिया व अमेरिका अशा दोन्ही खंडांत पसरल्या. हवामान पालटल्यावर दक्षिणेकडे सरकल्या आणि एकमेकींपासून तुटल्या.

७/८
डार्विन यांचा ‘ऑरिजिन’ हा ग्रंथ त्यानंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील वनस्पतींविषयी ते १८५५ पासून ग्रे यांना पत्रांतून प्रश्न विचारत होते. सप्टेंबर १८५७ मध्ये त्यांनी नैसर्गिक निवडीची रूपरेषा ग्रे यांना विश्वासाने कळवली. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेस यांच्या निबंधासोबत त्याच पत्रातील भाग वाचला गेला. डार्विन यांचा विचार आधीपासूनचा असल्याचा तो पुरावा होता.

८/८
१८६४ मध्ये ग्रे यांनी सुमारे २ लाख नमुने हार्वर्डला दिले. त्यांच्या नावाचा तो संग्रह आजही अभ्यासला जातो. जाती जेथल्या तेथेच निर्माण होतात, या समजुतीला तडा देणारा पुरावा या कागदांत होता. तो दिसला, कारण दोन खंडांतील पाने एकाच टेबलावर शेजारी ठेवता आली.