आवडेल तेथे प्रवास, आणि आमचं मसुरं

लंडन-पॅरिसला जाऊन आलेली आमची नातेवाईक मंडळी तिथल्या 'सिटी पास'बद्दल भरभरून बोलतात. एकदाच पैसे भरा आणि राजवाडे, म्युझियम्स, मनोरे सगळं बघून घ्या. आपल्याकडे असं का नाही, हा पुढचा प्रश्न ठरलेला!

आहे की. फक्त आपल्याकडे खर्च कुठे होतो ते आधी बघायला हवं. आमच्या मसुऱ्याचाच भरतगड घ्या. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी ही टेकडी पाहिली, पण पाणी नाही म्हणून किल्ल्याचा विचार सोडला, असं जुनं गॅझेटियर सांगतं. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी कातळात सव्वादोनशे फुटांहून खोल विहीर खणली, पाणी लागलं, आणि 1701 मध्ये गड उभा राहिला. खाडीपलीकडे बावडेकरांचा भगवंतगड. 1818 मध्ये इंग्रजांनी भरतगड घेतला. एवढा इतिहास बघायला तिकीट नाही. खर्च आहे तो मसुऱ्यापर्यंत पोचण्याचा.

म्हणूनच आपला पास दारावरचा नाही, एसटीचा आहे. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी सुटली. त्यानंतर 40 वर्षांनी, 1988 मध्ये महामंडळाने 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही योजना आणली. सुरुवातीला पास 10 दिवसांचा असे. 2006 मध्ये तो 7 दिवसांचा झाला आणि जोडीला 4 दिवसांचाही आला.

या पासाचं मोल आमच्या गावच्या माणसाला विचारावं. चाकरमान्याचा प्रवास म्हणजे मुंबई-मसुरं आणि मसुरं-मुंबई. गणपतीला, शिमग्याला, आंगणेवाडीच्या जत्रेला. जन्मभर एसटीत बसलेल्या माझ्या काकांनी रायगड, वेरूळ काहीच पाहिलं नव्हतं. दर टप्प्याला खिशात हात घालायचा म्हटलं की वाटेतली गावं वाटेतच राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी 7 दिवसांचा पास काढला, तेव्हा शेजारी विचारत, "खय चललास?" ते म्हणत, "गाडी नेयत थय!" त्या आठवड्यात त्यांनी पन्हाळा पाहिला, पंढरपूर केलं आणि वेरूळही बघून आले.

आता थोडा व्यवहार. पास दिवसांवर असतो, म्हणून लांबचे टप्पे जवळजवळ घेतले तरच तो वसूल होतो. मालवणात राहून फक्त तारकर्ली आणि मसुरं करायचं असेल तर साधं तिकीटच स्वस्त. शिवाय 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडावा, सरसकट सगळ्यांचे पास काढू नयेत.

पैसे वाचतात हे खरंच, पण मला वाटतं पासाची खरी कमाई दुसरीच आहे. एकदा पैसे भरले की मधल्या स्टँडवर उतरायला मन कचरत नाही. "एवढ्यासाठी कशाला उतरायचं?" हा प्रश्नच उरत नाही. आणि आमच्या मसुऱ्यासारखी गावं त्या 'एवढ्यासाठी'तच तर येतात...

तेव्हा मंडळी, कधी पास काढून मालवणापर्यंत आलात, तर एक दिवस भरतगडासाठी ठेवा. विहिरीत जरूर डोकावा. पण जपून हां, खोल आहे!