ट्रॉम्बेचे ग्लायसीन

आमच्या सांताक्रूझहून ट्रॉम्बेला जायचे तर पूर्वी कुर्ल्याच्या गर्दीतून वाट काढावी लागे. 2014 साली सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता झाला आणि ट्रॉम्बे जवळ आले. पण तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव काढले की आपल्याला आठवतो तो बॉम्बच. 4 जानेवारी 2025 रोजी डॉ. राजगोपाल चिदंबरम गेले, तेव्हा मी वाचलेल्या प्रत्येक लेखात 1974 आणि 1998 चे पोखरण होते. ग्लायसीन कुठेच नव्हते, आणि ते मला खटकले.

मी मराठी माध्यमातला बी.ए., तेव्हा रसायनशास्त्र माझ्या पद्धतीनेच सांगणार, चालवून घ्या. प्रथिने ही अमिनो आम्लांच्या माळा. त्यातला सर्वांत लहान मणी म्हणजे ग्लायसीन. ब्राकोनो या फ्रेंच माणसाला ते 1820 साली जिलेटिनमधून मिळाले. चवीला चक्क गोड! त्याच्या स्फटिकात रेणू एकमेकांना धरून असतात ते मुख्यतः हायड्रोजन बंधांनी. पण हायड्रोजन क्ष-किरणांना जेमतेम दिसतो, न्यूट्रॉनला मात्र स्पष्ट दिसतो. न्यूट्रॉन हवे तर अणुभट्टी हवी, आणि ट्रॉम्बेला 1960 पासून सायरस होती. रामनाथम, सिक्का आणि चिदंबरम यांनी थ्रिओनीन या अमिनो आम्लाची रचना न्यूट्रॉनने शोधून 1973 साली 'प्रमाण' या नियतकालिकात छापली. पुढच्याच मे महिन्यात पोखरण झाले. त्यातही चिदंबरम आणि सिक्का होतेच.

दोन्ही कामांना जोडणारा धागा म्हणजे दाब. प्लुटोनियम दाबले की किती आक्रसते, हे बॉम्बवाल्यांना ठाऊक असावेच लागते. त्या विद्येतून ट्रॉम्बेला उच्च दाबाच्या भौतिकशास्त्राची परंपरा उभी राहिली आणि ती अमिनो आम्लांकडेही वळली.

दाबाने काय होते याचा मला आवडलेला नमुना जुना आहे. अमेरिकेतल्या ब्रिजमनने 1914 साली अंड्याचा पांढरा बलक सुमारे 7000 वातावरणे दाबाखाली ठेवला. आच न लावता तो उकडल्यासारखा घट्ट झाला! (आपल्या कुकरमध्ये जेमतेम दोन वातावरणे असतात.) पुढे 1958 च्या सुमारास अमेरिकेतच हिऱ्यांची ऐरण निघाली. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये कणभर पदार्थ धरायचा आणि स्क्रू पिळायचा. हिरा पारदर्शक, त्यामुळे आत काय चालले आहे ते प्रकाश सोडून पाहता येते.

2003 साली चित्रा मुरली, सुरिंदर शर्मा, कर्माकर आणि सिक्का यांनी ट्रॉम्बेला नेमके हेच केले. अल्फा-ग्लायसीनचा स्फटिक 23 गिगापास्कल, म्हणजे सव्वादोन लाखांहून अधिक वातावरणे, इतका दाबला आणि रामन वर्णपटातून त्यावर नजर ठेवली. (रामन परिणाम 1928 चा, आपल्याच देशातला.) बंधांमध्ये फरक पडत गेला, पण स्फटिकाने रूप बदलले नाही. अल्फाची रचना थरांची आहे. पापडांची चळत दाबावी तसे ते थर जवळ येतात, पण थरातली पकड सुटत नाही.

खरी गंमत पुढे आहे. सायबेरियात नोवोसिबिर्स्कला बोल्दिरेवाबाईंच्या गटाने बीटा-ग्लायसीन दाबले. रेणू तोच, फक्त रचलेला वेगळा. हे बीटा साडेसात हजार वातावरणांच्या आसपासच झटक्यात दुसरे रूप घेते, आणि दाब काढला की परत पहिल्या रूपात येते. म्हणजे टिकाव नुसत्या रेणूचा नाही, त्यांनी एकमेकांना कसे धरले आहे त्याचा. औषधांच्या कारखान्यात भुकटी दाबून गोळ्या करतात, तिथेही हा प्रश्न येतो, कारण रूप बदलले की औषध विरघळण्याचा वेग बदलू शकतो. माझ्या रक्तदाबाच्या गोळीकडे हल्ली मी जरा आदराने पाहतो.

सायरस 31 डिसेंबर 2010 रोजी कायमची बंद झाली. तिच्यावरच्या लेखांतही प्लुटोनियम होते, थ्रिओनीन नव्हते. म्हणून इथे लिहून ठेवले.